आधी कथा, मग मान

मे महिन्याची सुट्टी लागली, की आमच्या घरात दोन भाषांचा गलका सुरू होतो. सूनबाई धारवाडची. तिचं माहेर कन्नड, सासर मराठी, आणि नातू बेंगळूरच्या शाळेत जाणारा. तो रागावला की कन्नड बोलतो, लाडात आला की मराठी, आणि काही लपवायचं असलं की इंग्रजी! मला हाक मारताना मात्र त्याची पंचाईत होत नाही. ‘अज्जी’ काय आणि ‘आज्जी’ काय, दोन्ही भाषांत मी तीच.

यंदा आल्या आल्या त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. “अज्जी, एनु माडोदु? माझ्याकडे गाई थोड्याच आहेत. देवाला देऊ, की शेजारच्यांना भेट म्हणून पाठवू?”

मी चष्मा लावून बघितलं. रंगवलेलं सुरेख चित्र होतं. डोंगर, गवताची घरं, गुरं, आणि खाली सात जणांचे चेहरे. मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. गावची लक्ष्मी यात्रा अठरा वर्षांनी भरणार आहे. तिची स्मरणिका निघायची आहे. ‘आमच्या घराण्याचा मान’ या विषयावर दोन पानं लिहून द्या, असं धाकट्या भाऊजींनी मला बजावलं होतं. शाळेत आयुष्यभर निबंध तपासले, त्यामुळे लिहिणं आलं की घरात सगळ्यांना माझी आठवण होते.

“कसला देव आणि कसले शेजारी?” मी विचारलं.

“बस इथं, सांगतो,” तो म्हणाला. आणि मी बसले ती जवळजवळ महिनाभर!

वाचकहो, या खेळाचं नाव ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’. 1999 साली तो संगणकावर आला आणि 2011 साली मोबाईलवर. नावात राजा असला तरी सुरुवातीला तुम्ही राजा नसताच. तुमच्या हाती एक भावकी असते. तिची शेतं, तिची गुरं, तिची भांडणं तुम्ही बघायची. सात जणांची पंच कमिटी असते. प्रत्येक पंच कुठल्या ना कुठल्या देवाचा भक्त, आणि प्रत्येकाचा सल्ला आपापल्या स्वभावाप्रमाणे. लढवय्या म्हणतो हल्ला करा, व्यापारी म्हणतो सौदा करा, आणि एखादा असाही असतो, की त्याला कुणी काही विचारू नये! आपल्या गावच्या पंचांची बैठक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे निराळं सांगायला नको.

ज्या जगात हे सगळं घडतं त्याला ‘ग्लोरँथा’ म्हणतात. ते रचलं अमेरिकेतल्या ग्रेग स्टॅफर्ड या गृहस्थांनी. 1966 साली, कॉलेजात असतानाच, त्यांनी या जगाच्या कथा लिहायला घेतल्या. 1975 साली त्यावर पटावरचा एक युद्धाचा खेळ निघाला. 1978 साली ‘रूनक्वेस्ट’ आला. तो टेबलाभोवती बसून, सोंग घेऊन खेळायचा. स्टॅफर्ड 2018 साली गेले, पण त्यांचं जग अजून खेळलं जातं.

सोंग घेऊन खेळायचं म्हणजे काय, ते मला समजायला वेळ लागला. मग दशावतार आठवला. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा सगळ्यांना ठाऊक, पात्रं ठरलेली, पण संवाद नट तिथल्या तिथे रचतो. हे खेळ तसेच. एक जण सूत्रधार, बाकीचे आपापलं पात्र घेतात आणि “आता मी असं करतो” म्हणत कथा पुढे नेतात. फासे टाकून यश-अपयश ठरतं. या प्रकारचा पहिला छापील खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली निघाला. त्यात लढवय्या नवव्या पायरीला पोचला की ‘लॉर्ड’ होई आणि स्वतःची गढी बांधू शके. राक्षस मारा, खजिना आणा, मोठे व्हा. असा तो सरळ हिशेब होता.

ग्लोरँथात तो हिशेब चालत नाही. तिथे राज्य हवं असेल तर तलवार लागतेच, पण तेवढ्यावर भागत नाही. देवळात जावं लागतं. आणि देवळात जाऊन नुसतं नारळ फोडून परत यायचं, असंही नाही.

तिथलं वर्ष पाच ऋतूंचं. समुद्र, अग्नी, पृथ्वी, अंधार आणि वादळ. शेवटी दोन आठवड्यांचा ‘पवित्र काळ’. त्या दोन आठवड्यांत अख्खी भावकी पूजेला बसते आणि पुढचं वर्ष कसं जावं ते ठरवते. खेळणाऱ्याजवळ मोजकीच दैवी शक्ती असते. ती पिकांना द्यायची, की गुरांना, की आरोग्याला, की लढाईला, हे वाटून द्यायचं. लढाईकडे जास्त वळवली तर शेतं उपाशी. आपल्या जिल्हा पंचायतीच्या अंदाजपत्रकासारखंच म्हणा ना! फरक इतकाच, की इथे चूक झाली की पुढच्याच हंगामात पोरं उपाशी मरतात आणि ते तुम्हाला दिसतं.

पण खरी गंमत आहे ती ‘हिरोक्वेस्ट’ नावाच्या विधीत. याला आपल्याकडे नेमका शब्द नाही. देवाने जे पूर्वी केलं, ते भावकीतल्या एकाने पुन्हा करायचं. नाटकात करतात तसं नव्हे, तर खरोखर त्या कथेच्या आत शिरून करायचं. बाहेर सगळी भावकी पूजा करत उभी, आणि हा एकटा देवाच्या वाटेने चाललेला. पार पडलं तर देवाचं बळ भावकीला मिळतं. फसलं तर जाणारा जखमी होतो, कधी परतच येत नाही.

नातवाने मला पहिली कथा वाचून दाखवली. अरोका नावाच्या निळ्या ड्रॅगनने पावसाच्या देवाला गिळलं. जग कोरडं पडलं. मग वादळाचा देव ऑर्लँथ गेला, त्याने अरोकाला मारलं आणि पाऊस सोडवला.

“अरे, ही तर इंद्राची गोष्ट!” मी म्हणाले. “वृत्राने पाणी अडवलं आणि इंद्राने वज्राने त्याला मारलं.”

“हौदा?” त्याने डोळे मोठे केले. वृत्र त्याला ठाऊक नव्हता, अरोका ठाऊक होता. मला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच. निदान पाऊस का अडतो आणि कुणी सोडवायचा, हे तरी त्याला कळलं होतं.

आता माझी चूक सांगते. एका दिवशी आमच्या भावकीचा एक तरणाबांड पंच असाच देवाच्या वाटेने निघाला. त्यामागे आमचा मोठा बेत होता. शेजारच्या भावक्या एकत्र आणून जमात उभी करायची, आणि जमातीचं राजेपद आपल्याच माणसाला मिळवायचं. या खेळात तेही नुसतं बोलणी करून होत नाही. देवाने पहिली जमात कशी बांधली, तो विधी पार पाडावा लागतो. कथा खेळातच वाचायला दिलेली असते, पण विधीच्या वेळी ती पाठ असावी लागते. प्रत्येक टप्प्यावर चार-पाच पर्याय येतात. देवाने जे केलं तेच निवडायचं.

एका टप्प्यावर नातू अडला. मीही कथा धड ऐकली नव्हती, कारण कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. पण शहाणपणा कुठे गप्प बसतो? जो पर्याय सोयीचा, ज्यात कुणी दुखावणार नाही आणि आपलंही काम होईल, तो मी सांगितला. “हा घे. बरा दिसतो.”

आमचा माणूस रक्तबंबाळ होऊन परत आला. वर्षभराची शक्ती वाया गेली. शेजारच्या भावक्या दोन पावलं मागे सरकल्या.

“अज्जी,” नातू शांतपणे म्हणाला, “बरं काय दिसतं ते विचारत नाहीत. देवाने काय केलं ते विचारतात.”

मी त्याला दडपे पोहे करून दिले आणि विषय बदलला. पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

त्या रात्री मी त्याच्याकडून त्या जगाची सगळ्यात मोठी कथा ऐकली. ती नीट ऐकण्यासारखी आहे, म्हणून तुम्हालाही सांगते. येल्म हा सूर्य, देवांचा सम्राट. ऑर्लँथ हा तरुण, तापट, महत्त्वाकांक्षी. दोघांत स्पर्धा झाली, आणि ऑर्लँथने ‘मृत्यू’ नावाचं नवं शस्त्र काढून सम्राटाला मारलं. जिंकला! पण सूर्य मेल्यावर काय होणार? अंधार पडला, थंडी आली, आणि त्या अंधारातून जगाचा नाश करणारी अनागोंदी आत शिरली. जिंकलेल्याचं घरही त्यात उद्ध्वस्त व्हायला लागलं.

तेव्हा ऑर्लँथने शत्रूवर आणखी एक स्वारी केली नाही. तो सोबती घेऊन पाताळात निघाला. सोबतीला एक व्यापारी, एक पंडित, एक वैद्यीण, एक लबाड विदूषक, एक साधा माणूस आणि एक जण असा, की त्याचं रूप कुणालाच नीट उमगलेलं नाही. पाताळात जाऊन त्याने आपण मारलेल्या सम्राटापुढे आपला गुन्हा मान्य केला, त्याच्याशी समेट केला आणि त्याला वर आणलं. तेव्हा पहिली पहाट झाली. त्या जगात काळ मोजायला सुरुवात होते ती तिथून.

जी माणसं ऑर्लँथला राजांचा देव मानतात, त्यांच्या सर्वांत थोर विधीत राजा जिंकतो त्या प्रसंगाची उजळणी होत नाही. राजा चूक कबूल करायला खाली उतरतो त्या प्रसंगाची होते. मला हे फार मोठं वाटलं. बसवराज कसा आणि चक्रवर्ती कसा, याच्या कितीतरी गोष्टी मी मुलांना शिकवल्या. पण राज्याचा पाया म्हणून कबुलीजबाब शिकवल्याचं मला आठवत नाही.

आता कुणी म्हणेल, पूजाअर्चा आली की राजकारण शुद्ध होतं, असं या खेळवाल्यांना सांगायचं आहे का? मुळीच नाही. त्याच जगात विधीच्या जोरावर साम्राज्य उभं करणारेही आहेत. परक्या सत्तेखाली दबलेल्या सात जणांनी 1220 साली (हे तिथल्या पंचांगाचं साल) एक गुप्त विधी केला आणि एका देवीला पुन्हा जन्म दिला. ती लढली, जिंकली, आणि 1247 साली लाल चंद्र होऊन आकाशात गेली. मग तिच्या नावाने साम्राज्य पसरलं. त्यांची खास देवळं असतात. जिथवर त्या देवळांचा प्रभाव, तिथवर चंद्र कायम अर्धा तरी उजळलेला धरला जातो आणि साम्राज्याचे मांत्रिक कधीच दुबळे पडत नाहीत. म्हणजे देऊळ बांधणं आणि छावणी टाकणं, एकच काम! प्रजेला देवळातून खरोखर काही मिळतंही, आणि तिची मानही त्याच देवळाखाली दबते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. लेखकाने दोन्ही बाजू लपवलेल्या नाहीत, म्हणून ते जग मला पटलं.

साम्राज्याने शेजारचं सार्तारचं राज्य 1602 साली जिंकलं. सार्तारच्या राजधानीत एक ज्योत होती. राजघराण्याचा खरा वारस असेल त्यालाच ती पेटवता येई. ती विझली. 1621 साली साम्राज्याने ऑर्लँथचा शेवटचा किल्ला पाडला, तर वाराच थांबला. बर्फाचा भयाण हिवाळा पडला आणि तो जिंकलेल्या मुलखासकट सगळ्यांवर पडला. देव मारला की त्याचं कामही बंद पडतं, हे विजयाच्या धुंदीत कुणी मोजलंच नव्हतं. पुढे 1625 साली साम्राज्याने तिथे आणखी एक मोठं देऊळ बांधलं. प्रतिष्ठापनेला सुभेदार, सरदार, बडी बडी मंडळी पहिल्या रांगेत. नेमका त्याच दिवशी जमिनीखालचा ड्रॅगन जागा झाला आणि देवळासकट सगळी पहिली रांग गिळून बसला! नातू हे सांगताना हसून लोळत होता. मला मात्र आपल्याकडची कोनशिला आठवली, आणि तिच्यावर कोरलेली नावं.

पण माझ्या मनाला लागली ती पुढची गोष्ट. साम्राज्य हटलं आणि कॅलिर नावाची शूर बाई सार्तारची राणी झाली. वर्षानुवर्षं बंडात राहिलेली, हिकमती. जमाती अजून पुरत्या एक झाल्या नव्हत्या. तिला घाई होती. आपणच खऱ्या राणी आहोत हे सगळ्यांना दाखवायचं होतं. म्हणून तिने पाताळात उतरण्याचा तोच थोर विधी करायचं ठरवलं, पण आखूड करून. लांबलचक वाट टाळायची आणि फळ तेवढं घ्यायचं. विधी फसला. 1626 सालच्या लढाईत ती मारली गेली.

ती दुष्ट नव्हती, हे लक्षात घ्या. तिचा हेतू चांगलाच होता. तिने फक्त अवघड टप्पा गाळला.

हे सगळं परदेशी आणि काल्पनिक म्हणून सोडून द्यावं, तर आपला इतिहास तसं करू देत नाही. 1674 साली शिवाजी महाराजांच्या हाती राज्य होतं, गड होते, फौज होती. तरीही काशीकर गागाभट्टांना बोलावून, आधी मुंज करून, जूनच्या 6 तारखेला रायगडावर राज्याभिषेक करावा लागला. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला निश्चलपुरींच्या हातून तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला. आणि सूनबाईच्या बाजूने बघायचं तर विजयनगरची महानवमी. कृष्णदेवरायाच्या काळात आलेल्या डोमिंगो पायस या पोर्तुगीज प्रवाशाने ती पाहून लिहून ठेवली आहे. हंपीला महानवमी दिब्बा अजून उभा आहे. तीच परंपरा 1610 साली राजा वडेयरांनी श्रीरंगपट्टणात उचलली आणि तिचा म्हैसूरचा दसरा झाला. सत्तेला विधी लागतो, हे ग्लोरँथावाल्यांनी आपल्याला नवं सांगितलेलं नाही. विधी सत्तेकडून काय मागतो, हा प्रश्न मात्र त्या खेळाने माझ्यापुढे ठेवला.

आणि तो प्रश्न घेऊन मी स्मरणिकेच्या कागदांकडे परत गेले.

आमच्या गावची यात्रा बेळगावच्या वाचकांना वेगळी सांगायला नको. आधी महिनोन्‌महिने वार पाळायचे, त्या वारी शेतात औत नाही. मग देवीचं लग्न, भंडाऱ्याने पिवळं झालेलं गाव, रथ, गदगेवर बसलेली लक्ष्मी आणि ओट्या भरायला लागलेल्या रांगा. देवीची पहिली ओटी आमच्या घरची. मागच्या यात्रेत ती सासूबाईंनी भरली. आता त्या नाहीत, म्हणजे यंदा ती मी भरायची. भाऊजी पुढच्या ग्रामपंचायतीला उभे राहणार आहेत. या वेळी आमच्या मानाला एकदम झळाळी का आली आहे, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. वेशीवरच्या फलकासाठी त्यांचा फोटोही काढून झाला आहे. हात जोडलेला.

मी दोन पानं लिहिली होती. ‘परंपरेने चालत आलेला मान’, ‘पूर्वजांची पुण्याई’, ‘गावच्या विकासाचा ध्यास’. वाचायला झकास!

पण सासूबाईंनी मागच्या यात्रेच्या आदल्या रात्री, ओटीचे खण मोजता मोजता, मला त्या मानाची कथा सांगितली होती. 1876-77 सालचा मोठा दुष्काळ. आमच्या घराच्या अंगणात धान्याचं पेव होतं. कन्नडमध्ये त्याला ‘हगेवु’ म्हणतात. ते भरलेलं होतं, आणि आमच्या मूळपुरुषाने त्यावर माती लोटून, वर गोठा बांधून ते दडवलं होतं. भाव आणखी चढेल म्हणून. शेजारच्या घरातली दोन पोरं भुकेने गेली, तेव्हा त्यांच्या आईने आमच्या दारात येऊन काहीच म्हटलं नाही, नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने गोठा पाडला आणि पेव उघडलं. गावापुढे डोकं टेकलं. पंचांनी त्याला वाळीत टाकलं नाही. त्यांनी सांगितलं, देवीची पहिली ओटी तुझ्या घरची. पण यात्रेची पहिली पंगत तुझ्याच घराने आपल्या हाताने वाढायची, आणि शेवटचा माणूस जेवून उठेपर्यंत तुमच्यापैकी कुणी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही.

म्हणजे आमचा मान हे बक्षीस नव्हतं. ते फेडायचं देणं होतं. पहिली ओटी आम्ही जपली, तिचा फलक केला. आणि पंगत? ती यंदा बेळगावच्या केटररला द्यायचं ठरलं आहे. माझ्याच गुडघ्यांकडे बघून, माझ्याच संमतीने. कथा तर मी दोन पानांतून गाळलीच होती. भाऊजींनी तसं सांगितलं नव्हतं. त्यांना ती ठाऊकच नाही. मला ठाऊक होती आणि मी बरं दिसतं ते निवडलं. पुन्हा एकदा!

निवडणुकीच्या तोंडावर ही गोष्ट छापायची म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणं. भाऊजी माणूस वाईट नाही. गावच्या नळासाठी त्यांनी हेलपाटे घातले आहेत, ते निवडून आले तर गावाचं भलंच होईल, असं मला मनापासून वाटतं. मग दीडशे वर्षांपूर्वीचं गाडगं कशाला उकरायचं? दोन रात्री मी याच विचारात होते. आमचे हे म्हणाले, “तुला काय करायचंय? झोप.” सूनबाईला विचारलं. तिने कणीक मळता मळता एवढंच विचारलं, “अत्ते, त्या बाईच्या घरचे कुणी आहेत का गावात अजून?”

आहेत. त्यांच्या दोन पिढ्यांनी आमच्या पंगतीत पहिलं पान घेतलेलं मी पाहिलं आहे. त्यांना पहिलं का वाढतात, हे मी इतकी वर्षं कुणाला विचारलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक असणारच.

तेव्हा मी पानं फाडली आणि नवी लिहिली. जशी ऐकली तशी कथा. गोठा, माती, दारात बसलेली बाई, टेकलेलं डोकं, आणि पंचांची अट. शेवटी एकच ओळ माझी घातली, की यंदाची पहिली पंगत आमचं घर स्वतः वाढेल, गुडघे दुखले तरी.

रविवारी भाऊजी आले. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी वाचला. चहा निवला. पुन्हा वाचला. “वहिनी, हे आईनं मला कधी सांगितलं नाही,” एवढंच म्हणाले. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली. छापायला देणार की नाही, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. तो टप्पा त्यांचा आहे.

जाताना मात्र दारात थांबले आणि नातवाला म्हणाले, “तुझ्या त्या खेळात, तो पाताळात गेलेला देव... परत आल्यावर त्याला राजा म्हणून ठेवला काय रे लोकांनी?”

“हौदु, आजोबा,” नातू म्हणाला. “म्हणून तर ठेवला.”

स्मरणिका पुढच्या महिन्यात छापायला जाते. केटररला मी फोन करून ठेवला आहे. भात आणि आमटी तुम्ही करा, वाढायला आम्ही येतो.